बोरमाळेच्या सोन्याचा टाक

बोरमाळ पाहिजे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण दागिन्याच्या हावेपायी मी पाडव्याच्या दिवशी घरात तमाशा केला, अशी बोंब सासूबाईंनी गावभर केली आणि गावाने ती खरी मानली. मी मागितलं काहीच नव्हतं. कबूल केलं ते त्यांच्या लेकाने. कबूल करून जो माणूस शब्द पाळत नाही त्याला कुणी काही म्हणत नाही. ज्या बाईने तो शब्द खरा मानला तिला मात्र हावरट म्हणतात.

माझ्या नवऱ्याला मी इथे ‘हे’ म्हणणार आहे. तेव्हा नाव घ्यायची रीत नव्हती आणि आता घ्यावंसं वाटत नाही.

गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची. माझं सासर कळसाडीचं, माहेर तापीच्या पलीकडचं. वडिलांनी मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं आणि सतराव्या वर्षी बिजवराला दिली. बिजवर म्हणजे वय झालेला म्हातारा नव्हे, हे तेव्हा पंचविशीत असतील. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि वर्ष भरायच्या आत मी त्या घराचं माप ओलांडलं. तिला घरात ‘मोठी’ म्हणायचे. मी ‘धाकटी’. घरात सून मी एकटीच, सकाळपासून राबणारी मी एकटीच, तरी धाकटी. मोठी कोण, तर जी नाही ती.

तिचं सगळं मला मिळालं. तिची लुगडी मिळाली, तिचा पाट मिळाला, पोचे पडलेला तिचा हंडा मिळाला. जात्याचा खुंटासुद्धा तिच्या मुठीने गुळगुळीत झालेला. मी कधी तक्रार केली नाही. पण लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्या घरात एकही वस्तू अशी नव्हती की जी माझ्यासाठी म्हणून कुणी आणली होती. म्हणून त्या वर्षी शेतात भुईमूग उपटताना हे जेव्हा म्हणाले, “औंदा शेंगा बऱ्या उन्यात. पाडवाले तुले बोरमाळ करी देसू,” तेव्हा माझ्या हातातला वेल तसाच राहिला. मला सोन्याचा आनंद झाला नाही. खोटं कशाला बोलू, सोन्याचाही झाला. पण खरा आनंद हा, की ती माळ नवी असेल, माझ्या गळ्याच्या मापाची असेल, आणि ती पाहून कुणी म्हणणार नाही की ही मोठीची.

बोरमाळ आता कुणी फारशी घालत नाही, म्हणून सांगते. सोन्याच्या पातळ पत्र्याचे बोराएवढे मणी, आत लाख भरलेली, गोफात ओवलेले. वजनाला हलकी पण दिसायला भरघोस. आमच्यासारख्या घरांना झेपेल असा तो दागिना होता. विहिरीवर वाकले की ती गळ्यातून पुढे येईल, मग हाताने मागे सारावी लागेल, असं काहीबाही मनात आणून मी पुढचे पंधरा दिवस काढले. रिकाम्या गळ्याशी हात नेऊन मी नसलेली माळ मागे सारायचे. आठवलं की आज मला माझीच चीड येते.

दिवाळीला आठ दिवस असताना आम्ही गाडी जुंपून शहाद्याला निघालो. सुना सोनाराकडे जायच्या नाहीत, पण माप लागेल असं ह्यांनी घरात सांगितलं. सासूबाई लगेच उठल्या. सासूवाचून सोनं घेतलेलं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं येऊ देत, त्यांच्या हातून झालं तर उद्या नावं तरी ठेवणार नाहीत. एवढी शहाणी होते मी.

आणि निघता निघता मी आणखी एक शहाणपणा केला. माझ्या कानात वडिलांनी लग्नात घातलेली सोन्याची फुलं होती. त्यातलं एक पिचलं होतं. मी दोन्ही काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली. म्हटलं, हीही घाला, चार मणी जास्त होतील. कानाची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत लिंबाच्या काड्या खोवल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितली नव्हती. माझ्या हाताने मी ती दिली.

गोमाईच्या काठाशी बैल सोडून आम्ही पेठेत गेलो. सणाची गर्दी होती. आमचा सोनार ठरलेला. सासूबाईंच्या लग्नाच्या पाटल्या त्याच्या बापाने केलेल्या. चष्म्याच्या काड्या दोऱ्याने कानामागे बांधलेला, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. त्याच्या ओट्यावर आमच्या आधी तोरणमाळच्या डोंगरातून उतरलेलं एक पावरा जोडपं होतं. बाई उभी राहून चांदीची जाड हासळी स्वतः गळ्यात घालून बघत होती. जड आहे का, टोचते का, मान वळते का, सगळं बघितलं. नवऱ्याला काहीतरी विचारलं, तो काहीतरी बोलला, आणि दोघं खदखदून हसले. मग तिने हासळी काढून सोनाराच्या पुढे आदळली आणि दुसरी मागितली. सोनार मुकाट्याने दुसरी काढायला लागला. मी डोक्यावरचा पदर सावरून खाली बसले होते. मी त्या बाईकडे टक लावून बघत राहिले आणि सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं.

आमची पाळी आली. ह्यांनी शेंगांच्या पैशाचं घेतलेलं सोनं कनवटीतून काढून दिलं, सासूबाईंनी माझी फुलं दिली. सोनाराने गुंजा टाकून वजन केलं, सगळं एकाच मुशीत घातलं, मूस निखाऱ्यात खोचली आणि फुंकणी तोंडाला लावली. माझ्या फुलांच्या पाकळ्या आधी लाल झाल्या, मग गळाल्या. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मी मनात मणी मोजत होते.

त्या सोनाराची रीत मी पुढे नीट ओळखली. आधी सोनं वितळवायचं आणि मग बोलायचं. गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही. मूस निखाऱ्यातून बाहेर काढली, सोनं ओतलं, चष्मा कपाळावर सारला, आणि सासूबाईंना म्हणाला, “माय, मोठीना टाक करा का नही आजून?”

टाक म्हणजे देवाचा असतो तसाच, धातूच्या पत्र्यावर उठवलेली आकृती. आमच्याकडे दुसरी बायको आली की पहिलीचा टाक करून तो दुसरीच्या गळ्यात बांधायचा. मेलेली सवत घरात हिंडू नये, नवीच्या संसाराला तिची नजर लागू नये, म्हणून. सणावाराला तो दुधाने धुवायचा, कुंकू लावायचं, नैवेद्य दाखवायचा. नवं लुगडं, नवी चोळी, नवा दागिना आधी त्या टाकाला लावायचा, मगच आपल्या अंगाला. लग्नाच्या गडबडीत आमच्याकडे तो करायचा राहून गेला होता. मी कधी आठवण केली नाही. का करू?

सासूबाईंचा चेहरा पडला. “ऱ्हाई गया भो,” त्या म्हणाल्या. आणि मग गळा काढून, भर पेठेत, परक्या पुरुषापुढे म्हणाल्या, “म्हनीसनच तं हिनं पोट टिकनं नही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्रावणात तीन महिन्यांचं माझं गेलं होतं. गेलं त्या दिवशीसुद्धा मला पाण्याच्या खेपा चुकल्या नव्हत्या. चौथ्या खेपेला विहिरीच्या काठावर मी बसले ती उठलेच नाही. कुणी मला दोन दिवस निजू दिलं असतं तर काय झालं असतं ते देव जाणे. आणि आता त्याचा दोष कुणावर, तर जिने मला पाहिलं नाही आणि जिला मी पाहिलं नाही अशा एका मेलेल्या पोरीवर. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सोनाराच्या ऐरणीकडे बघत होते.

“आधी तिन्हा मान दे माय,” सोनार म्हणाला, “मंग हिन्ही हौस.”

“चांदीना करू का?” त्याने मग विचारलं. “चांदीना बी चालस.”

“चांदीना?” सासूबाई कडाडल्या. “मन्ही सून व्हती ती. सोनानाच कर.”

तिची पेटी मी उघडली होती. तिच्यात दोन जुनी लुगडी, एक फणी आणि फुटक्या काचेचा आरसा निघाला. जिवंत होती तेव्हा त्या पोरीच्या अंगावर गुंजभर सोनं घालायला कुणाचा हात धजला नाही, आणि मेल्यावर सासूबाईंना तिचा मान आठवला. मान तरी कशातून? माझ्या बोरमाळेतून. माझ्या बापाच्या फुलांतून.

मी बोलले. आमच्यात सुनेने सोनाराच्या ओट्यावर तोंड उघडणं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना कळायचं नाही. मी म्हटलं, “मन्हा फुलं मले परत द्या.”

सोनार हसला, रागावला नाही. ते हसणं मला अजून टोचतं. “बेटी,” म्हणाला, “आते ते सारं एकच व्हई गयं.” आणि चिमट्याने तो गरम तुकडा उचलून मला दाखवला, जसं काही मी शाळेतली मुलगी आणि तो पंतोजी. खरंच एक झालं होतं. त्यात माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं, कुणाला सांगता आलं नसतं.

मग त्याने कामाला हात घातला. तुकडा ठोकून ठोकून मानाचा म्हणून जाडसर पत्रा केला. लाकडी पेटीतून ठसे काढले. एकावर खंडोबा, एकावर देवी, एकावर घोड्यावरचा वीर. तळाशी एक छोटा पितळी ठसा, त्यावर हात जोडून उभी असलेली बाई. तो त्याने फडक्याने पुसला आणि रीतीप्रमाणे ह्यांना विचारलं, “भाऊ, तोंड कसं व्हतं तिन्हं? गोल का लांबुडकं?”

आता ठसा तर एकच होता. गोल काय आणि लांबुडकं काय! पण विचारायची रीत म्हणून त्याने विचारलं. मला वाटलं हे आता काहीतरी बोलतील. दोन वर्षं तिच्याबरोबर संसार केलेला माणूस. गोल होतं म्हणतील, नाहीतर लांबट म्हणतील, निदान घसा खाकरतील.

“कसं बी करा, बाबा,” हे म्हणाले.

मला आधी स्वतःसाठी राग आला होता. आता तिच्यासाठी आला. हे काय उत्तर झालं? बैलाची वेसण करायला दिली होती का? जिच्या मानापायी माझं सगळं घेतलं, तिचं तोंड कसं होतं एवढं सांगायचीही कुणाची तयारी नव्हती. सासूबाईही गप्प. मघाशी गळा काढणाऱ्या त्याच.

सोनाराने पत्रा ठशावर ठेवला, वर शिशाचा गोळा ठेवला, आणि हातोडीचे पाचसहा ठोके घातले. तेवढ्यात मोठी तयार झाली. बोटाच्या पेराएवढी. किती गावांतल्या किती बायका त्या ठशातून निघाल्या असतील, ठशाचं नाक झिजून गेलं होतं. त्यामुळे टाकावरच्या बाईलाही नाक नव्हतं. दोन डोळे, एक तोंड, मध्ये सपाट. त्याच्या वरच्या टोकाला कडी लावली, पिवळ्या कागदात गुंडाळला आणि सासूबाईंच्या ओंजळीत दिला. त्यांनी तो कपाळाला लावला. उरलेल्या सोन्यातून माळ होण्यासारखी नव्हतीच. तो उरलेला तुकडा त्यांनी पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाल्या, “बोरमाळनं फुडला साल देखसूत.”

पेठेतून परतताना कासाराच्या दुकानापाशी हे थांबले. म्हणाले, “बांगड्या भरी ले.” काचेच्या. हिरव्या चांगल्या होत्या, आजही डोळ्यांपुढे आहेत. कासाराने पाट पुढे सरकवला, हात मागितला. मी हात पदरात घेऊन उभी राहिले. लोक बघायला लागले तसे हे पुढे चालू लागले. काचेच्या बांगड्यांवर माझी समजूत पटेल, असं त्यांना वाटावं, ह्याचाच मला जास्त संताप आला.

गाडीत सासूबाईंनी मला नेमधर्म समजावून सांगितला. पाडव्याला ओवाळशील तेव्हा ओवाळणी म्हणून टाकच ताटात पडेल. मग दुधाने धुवायचा, करंजीचा नैवेद्य दाखवायचा, आणि तुझ्या गळ्यात बांधायचा. न्हाताना काढायचा नाही. विटाळशी असलीस की फक्त काढायचा. मी बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ बघत बसले. म्हणजे सणाचा घास आधी तिला, मग मला. नवं लुगडं आधी तिला, मग मला. आतापर्यंत तिने सोडलेलं मी वापरत होते, आता पुढे येईल तेही तिचं उष्टंच. आणि ह्या सगळ्याला ह्यांनी दिलेलं नाव, पाडव्याची ओवाळणी.

पुढचे दिवस मी रागानेच फराळ केला. शेवेचा एक घाणा जाळला. करंज्यांच्या कडा इतक्या दाबल्या की फाटल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांनाही कळलं होतं. धनतेरसच्या दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते तेव्हा हे आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “माय म्हनस तं घाली ले ना. काय बिघडस?”

“तुम्ही बोलनात का नही तठे?” मी विचारलं.

“मरेल मानूससंगे काय भांडन?” हे म्हणाले आणि गेले.

मी हातातली राख तशीच भांड्यावर घासत राहिले. मेलेल्या माणसाशी भांडण! कोण भांडत होतं तिच्याशी? त्या बिचारीने माझं काय घेतलं होतं? घेतलं ते जिवंत माणसांनी, आणि नाव तिचं पुढे केलं. आणि ते नाव पुढे करणारे दोघंही तिचे. एक तिची सासू, एक तिचा नवरा. माझी ती कोण? राखेने माझी बोटं हुळहुळायला लागली तेव्हा कुठे मी थांबले, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. माझी ती कोण?

पाडव्याला सकाळी ह्यांना तेल लावून न्हाऊ घातलं. अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. शेजारच्या दोघीतिघी ओवाळणं बघायला आल्या होत्या, कारण सासूबाईंनी टाकाची बातमी आधीच सगळीकडे केली होती. हे नवं धोतर नेसून, टोपी घालून पाटावर बसले. मी ताट घेतलं. निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तीनदा ओवाळलं. सगळं रीतीने केलं. ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून टाक काढला आणि ताटात ठेवला. लाल दोऱ्यात ओवलेला होता. सासूबाईंनी दुधाची वाटी पुढे केली.

मी ठरवून काही केलं नाही. खरं सांगते, ताट हातात घेतलं तेव्हासुद्धा मला वाटलं होतं की मी निमूट बांधून घेईन. पण ताटात तो नकटा चेहरा पडलेला बघितला, त्यातलं पिवळं सोनं बघितलं, आणि माझ्या कानांतल्या लिंबाच्या काड्या मला एकदम टोचल्या. मी टाक उचलला, ह्यांची टोपी काढून सासूबाईंच्या हातात दिली, आणि दोरा ह्यांच्या गळ्यात घातला.

“तुमनी बायको व्हती ती,” मी म्हटलं. “मी तिले देखेल बी नही. गळामा घालाना तं तुम्हीच घाला.”

सासूबाईंच्या हातातली वाटी कलंडली. शेजारणींपैकी एक तोंडाला पदर लावून मागे सरकली. “काय करी ऱ्हायनी तू!” सासूबाई ओरडल्या, पण पुढे आल्या नाहीत. पाटावर बसलेल्या, ओवाळलेल्या माणसाच्या गळ्यातून टाक ओढून काढायचा म्हणजे अपशकुन, आणि अपशकुनाला त्या माझ्यापेक्षा जास्त भीत.

हे उठले नाहीत. त्यांनी टाकाला हात लावला आणि खाली बघत बसून राहिले, सोनाराकडे बसले होते तसेच. गप्प. ते बघून माझा उरलासुरला धीर सुटला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमच्या घरात दिवसाउजेडी नवराबायकोने एकमेकांकडे वर तोंड करून बघायची रीत नव्हती. सासूबाई समोर असल्या की मी पदर ओढून भाकरी वाढायची, हे खाली मान घालून खायचे. मला एकदम वाटलं, उद्या मी मेले तर हा माणूस सोनाराला हेच सांगणार. कसं बी करा, बाबा.

मी ताट तसंच त्यांच्यापुढे धरून म्हटलं, “डोया झाका.”

त्यांनी वर बघितलं नाही, पण डोळे झाकले. का झाकले कोण जाणे. कदाचित त्यांनाही त्या घटकेला मला नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

“आते सांगा, मी कशी दिखस?”

आणि मग हे बोलले. दोन वर्षांत एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. डोळे मिटलेले, हात टाकावर, आणि आवाज इतका मऊ की मी तो कधी ऐकला नव्हता.

“हनुवटीवर गोंदेल शे. तीन ठिपका. हासस तवय एक दात आडवा दिखस, मंग तू तोंडवर हात धरस.”

माझ्या हनुवटीवर काही नव्हतं. वडिलांनी मला गोंदवू दिलं नव्हतं. माझे दात सरळ होते. आणि त्या घरात तोंडावर हात धरण्यासारखं मी कधी हसलेच नव्हते.

सासूबाईंनी मागून, एकदम खालच्या आवाजात म्हटलं, “आरे, ती मोठी व्हती.”

म्हणजे आठवत होतं. तीन ठिपके, आडवा दात, सगळं आठवत होतं, आणि सोनाराच्या ओट्यावर ते ओठांवर आणवलं नाही. तिला नकट्या ठशात घालू दिलं. आणि मला त्या मुशीत घातलं. मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच.

ह्यांनी डोळे उघडले. कानापर्यंत लाल झाले होते. आणि मग सासूबाई, शेजारणी, सगळ्यांसमोर, उजेडात, ते माझ्याकडे बघायला लागले. आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. चुकलेलं पुन्हा नीट वाचून बघावं तसं बघत होते.

मी ताट खाली ठेवलं, पदर हनुवटीच्या खाली येईल इतका पुढे ओढला आणि घरात गेले.